३६ तासांची लढाई, सहा वर्षांचा आवाज



हिवाळा लागला की आपल्याकडे गोव्याच्या सहलीच्या गोष्टी सुरू होतात. मंगेशी, शांतादुर्गा, मिरामारचा किनारा, मांडवी नदीतली बोट. जे विमानाने जातात त्यांतले बरेच जण दाबोळीला उतरतात. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी याच दाबोळीच्या धावपट्टीवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले होते. दुसऱ्या दिवशी रात्री पोर्तुगीजांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि ४५१ वर्षांचं त्यांचं राज्य संपलं.

आजच्या भाषणात मी या लढाईची हकीकत सांगणार आहे. त्यात जहाजं आहेत, विमानं आहेत, सेनापती आहेत. आता कुणी म्हणेल, ताई, आपण बचत गटाच्या बाया, आपल्याला तोफा-विमानांचं काय? पण थोडं थांबा. या हकीकतीत एक बाई आहे. तिच्या हातात बंदूक नव्हती. तिच्यासमोर माईक होता, जसा आत्ता माझ्यासमोर आहे. तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

पोर्तुगीजांनी गोवा जिंकला १५१० साली. जिंकणाऱ्या सरदाराचं नाव होतं आफोन्सो द आल्बुकर्क. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. १९४७ ला इंग्रज गेले. पुढे १९५४ मध्ये फ्रेंचांनीही पाँडिचेरीचा ताबा आपल्याला दिला. पोर्तुगीज मात्र हटायला तयार नव्हते. तिकडे लिस्बनमध्ये सालाझार नावाचा हुकूमशहा होता. गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असं त्याचं म्हणणं. गोव्यात सभा घ्यायची बंदी, सरकारविरुद्ध छापायची बंदी. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया मडगावात सभेत उभे राहिले, तर त्यांना तिथेच पकडलं.

लोक तरी गप्प बसले नाहीत. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात बंदी मोडून गोवा काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि अध्यक्ष होत्या सुधाताई जोशी. भारतीय संस्कृतिकोश ज्यांनी तयार केला त्या महादेवशास्त्री जोशींच्या या पत्नी. अध्यक्षपद म्हणजे सरळ अटक, हे ठाऊक असून त्या उभ्या राहिल्या. त्यांना अटक झाली आणि पुढची काही वर्षं त्यांनी पोर्तुगीजांच्या तुरुंगात काढली.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. कुणाजवळ काठीसुद्धा नव्हती. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. २० हून अधिक माणसं गेली. त्यांच्यात पनवेलचे हिरवे गुरुजी होते, पंजाबचा तरुण कर्नैलसिंग होता. सागरच्या सहोद्राबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळ्या लागल्या, त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या. सागर म्हणजे कुठलं, तर आपल्याच तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं. १९५६ पर्यंत आपलं नागपूर त्या राज्याची राजधानी होतं. म्हणजे गोव्याच्या हद्दीवर गोळ्या झेलणारी ती बाई आपल्याच राज्यातली होती.

या गोळीबारानंतर भारत सरकारने हद्द बंद केली आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. आतल्या लोकांना बाहेरची खरी बातमी मिळेना. पोर्तुगीज रेडिओ सांगेल तेवढंच जग. हा कोंडमारा फोडायचा कसा?

इथे आपली बाई येते. तिचं नाव लिबिया लोबो. मूळची गोव्याची, मुंबईत वाढलेली, शिकलेली, पोर्तुगीज आणि कोंकणी दोन्ही भाषा येणारी. तिने आणि वामन सरदेसाई यांनी ठरवलं की आपण रेडिओ चालवायचा. पण यंत्र कुठून आणायचं? त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हा पोर्तुगीजांचा मुलूख स्वयंसेवकांनी मुक्त केला. आपले लाडके गायक-संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत होते. मोहिमेला पैसा हवा म्हणून पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. तो मुलूख सुटला तेव्हा पोर्तुगीजांची वायरलेस यंत्रं हाती लागली. त्याच यंत्रांतून रेडिओचं प्रक्षेपण यंत्र तयार झालं. म्हणजे बघा, एका बाईच्या गाण्याने मोहिमेला बळ दिलं आणि त्या मोहिमेतून मिळालेल्या यंत्रावर दुसरी बाई सहा वर्षं बोलली.

२५ नोव्हेंबर १९५५ ला पहिलं प्रक्षेपण झालं. कोंकणीत नाव होतं ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ दा लिबर्दादे’. आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसलरॉकच्या जंगलातून. यंत्र एका ट्रकवर बसवलेलं. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला असेल त्यांना कळेल, त्या जंगलात राहणं म्हणजे काय. चार महिने धुकं, ओल, जळवा आणि साप. लिबिया तेव्हा तिशीतली. घर सोडून, नोकरी सोडून ती तिथे राहिली, आणि रोज बोलली. आज ताप आहे, आज कंटाळा आला, असं म्हणून त्या रेडिओला चालणार नव्हतं, कारण आवाज एक दिवस बंद पडला असता तर गोव्यात ऐकणाऱ्याला वाटलं असतं की संपलं सगळं. पोर्तुगीज सरकार जे लपवत होतं ते ती सांगायची. जगात कुठे कुठे वसाहती सुटत आहेत, भारताच्या संसदेत गोव्याबद्दल काय बोलणं झालं, ते गोव्यातली माणसं दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायची.

अशी सहा वर्षं गेली. पंडित नेहरूंना हा प्रश्न बोलून सोडवायचा होता. गांधीजींच्या देशाने शस्त्र उचलावं का, हा पेच होता. त्यांच्यावर टीकाही खूप झाली. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र कडेलोट झाला. कारवारच्या समोर अंजदीव नावाचं छोटं बेट आहे, तेव्हा ते पोर्तुगीजांकडे होतं. तिथून ‘साबरमती’ नावाच्या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. कारवारकडच्या एका मच्छिमाराचाही पोर्तुगीजांच्या गोळीने जीव गेला. दिल्लीने निर्णय घेतला. मोहिमेला नाव दिलं ‘ऑपरेशन विजय’.

आता सेनापती कोण होते ते पाहू. सगळी सूत्रं पुण्याच्या दक्षिण कमांडकडे, म्हणजे लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे. १९४८ ला हैदराबादची पोलीस कारवाई ज्यांनी केली, तेच हे चौधरी. जमिनीवरच्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल कॅन्डेथ. पॅराशूट ब्रिगेडचे ब्रिगेडियर सगतसिंग. हवाई दलाचे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो. आणि नौदलाच्या ताफ्याचे रिअर अॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण, आपले मराठी माणूस, जे पुढच्याच वर्षी देशाचे नौदल प्रमुख झाले.

जहाजांचीही ओळख करून घेऊ, कारण त्यांच्या कथा माणसांसारख्या आहेत. ‘आयएनएस दिल्ली’ हे क्रूझर जातीचं मोठं लढाऊ जहाज मुळात इंग्रजांचं ‘अकिलीस’. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९३९ च्या डिसेंबरमध्ये, दक्षिण अमेरिकेजवळ ते जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’शी लढलं होतं. १९४८ ला ते आपण घेतलं. त्या लढाईवर इंग्रजांनी पुढे सिनेमा काढला, तेव्हा या जहाजाने त्यात स्वतःचंच काम केलं! १९६१ च्या डिसेंबरमध्ये हीच ‘दिल्ली’ दीवच्या किल्ल्यावर तोफा डागत होती. ‘आयएनएस विक्रांत’ हे आपलं पहिलं विमानवाहू जहाज, म्हणजे ज्याच्या पाठीवरून विमानं उडतात ते. त्याच वर्षी मार्चमध्ये ते बेलफास्टला आपल्या नौदलात दाखल झालं. ते बाहेर खोल समुद्रात पहारा देत राहिलं. आणि ‘बेतवा’ आणि ‘बियास’, या दोन नव्या फ्रिगेट. दोघींना नद्यांची नावं. त्यातली बेतवा आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली.

समोर काय होतं? पोर्तुगीजांचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक. लढाऊ विमान एकही नाही. आणि गोव्याच्या बंदरात एकच मोठं जुनं जहाज. त्याचं नाव ‘आफोन्सो द आल्बुकर्क’. ज्याने गोवा जिंकला त्याच्याच नावाचं. आपलं सैन्य त्यांच्या कितीतरी पट होतं. ही बरोबरीची लढत नव्हती हे खरं आहे, आणि ते सांगायला आपल्याला कमीपणा वाटायचं कारण नाही. सैन्य मोठं असलं की लढाई लवकर संपते आणि माणसं कमी मरतात, हाही त्यातला हिशोब होता.

१७ डिसेंबरच्या रात्री सैन्य हललं. उत्तरेकडून दोडामार्ग, पूर्वेकडून अनमोड घाट, दक्षिणेकडून कारवारच्या बाजूने माजाळी. १८ ला सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून कॅनबेरा जातीची १२ बॉम्बफेकी विमानं निघाली. पुढे विंग कमांडर मेनन. काही मिनिटांत दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे २८ टनांहून जास्त बॉम्ब पडले. वैमानिकांना सक्त ताकीद होती की धावपट्टी मोडायची, पण विमानतळाच्या इमारतीला आणि तिथे उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांना धक्का लावायचा नाही. ती दोन विमानं त्या रात्री अंधारात तुटक्या धावपट्टीवरून उडून गेलीसुद्धा.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. त्याच सकाळी सहा हंटर विमानं बांबोळीला गेली. तिथे काय होतं? दारूगोळा नाही, सैन्याची छावणी नाही, वायरलेस केंद्र. विमानांनी ते रॉकेट मारून बंद पाडलं. कारण सरळ आहे. शत्रूचा आवाज बंद झाला की त्याला हुकूम मिळत नाही आणि मदत मागता येत नाही. बांबोळी बंद पडल्यावर लिस्बनशी बोलायला पोर्तुगीजांकडे उरलं ते त्या जुन्या जहाजावरचं रेडिओ यंत्र. दुपारी १२ च्या सुमारास ‘बेतवा’ आणि ‘बियास’ मुरगाव बंदराच्या तोंडाशी आल्या आणि तोफा सुरू झाल्या. ‘आल्बुकर्क’नेही उत्तर दिलं. पण तासाभराच्या आत ते जहाज घायाळ झालं, त्याचे कप्तान आरागाव गंभीर जखमी झाले आणि खलाशांनी जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला वाळूत नेऊन टेकवलं. त्यांना पणजीच्या इस्पितळात नेलं. नंतर आपल्या नौदलाचे अधिकारी त्यांची विचारपूस करायला तिथे गेले होते. १५१० च्या विजेत्याचं नाव मिरवणारं ते जहाज पुढे मुंबईला ओढून नेलं आणि भंगारात विकलं गेलं.

आपल्याकडेही घरं उजाड झाली. अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जवान गेले. आग्वादच्या किल्ल्यात कैद केलेल्या माणसांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू तिथे कामी आले. पोर्तुगीजांनी मागे जाताना पूल उडवले, तरी आपले सैनिक थांबले नाहीत. १८ च्या संध्याकाळी सैन्य बेतीला, म्हणजे पणजीच्या समोर मांडवीच्या काठाला पोचलं. १९ ला सकाळी नदी ओलांडून ते पणजीत शिरलं. गोवेकर रस्त्यावर येऊन सैनिकांना मिठ्या मारत होते.

आता समोरच्या सेनापतीबद्दल दोन शब्द. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा. सालाझारने त्याला कळवलं होतं की शरण जायचं नाही, जिंकायचं नाहीतर मरायचं. गोवा सोडावा लागला तर उद्ध्वस्त करून सोडायचा, अशी लिस्बनची इच्छा. या माणसाने ते केलं नाही. त्याने शहरं जाळली नाहीत, आपल्या पोरांना फुकट मरू दिलं नाही. १९ डिसेंबरला रात्री साडेआठच्या सुमारास त्याने शरणागतीवर सही केली. मायदेशी गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ ला पोर्तुगालमध्ये हुकूमशाही पडली तेव्हा कुठे त्याला त्याचा मान परत मिळाला. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास-साठ सैनिक मेले. पणजी, मडगाव, म्हापसा, सगळी शहरं उभी राहिली. आज आपण ज्या जुन्या चर्चा आणि देवळं पाहायला जातो, ती उभी आहेत यात या एका न पाळलेल्या हुकमाचाही वाटा आहे. शत्रूचं असलं तरी असं धैर्य मानावं लागतं.

बाहेरच्या जगात बरीच ओरड झाली. १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून तो अडवला.

आणि लिबिया? कारवाईच्या आधीच्या दिवसांत भारत सरकारचं आवाहन तिच्याच केंद्रावरून वाचलं गेलं: शरण या, रक्तपात टाळा. लढाई संपल्यावर हवाई दलाच्या एका विमानात लिबिया आणि वामन सरदेसाई यांना बसवलं. विमानाला भोंगा लावलेला. ते विमान गोव्यावर घिरट्या घालत होतं, पत्रकं खाली पडत होती, आणि वरून तिचा आवाज येत होता, पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत, की ४५१ वर्षांनी गोवा स्वतंत्र झाला. सहा वर्षं ज्या आवाजाला लोकांनी दारं लावून ऐकलं, तो त्या दिवशी आकाशातून उघड ऐकू आला. आदल्या दिवशी त्याच आकाशातून बॉम्ब पडले होते.

मैत्रिणींनो, युद्धाच्या पुस्तकात पाहा. जहाजाचं वजन असतं, तोफेचं माप असतं, विमानांची संख्या असते, सेनापतीचा हुद्दा असतो. ते सगळं खरं आहे आणि लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण आपल्या गटातली साधी गोष्ट घ्या. कुणी बाई २४ महिने हप्ते भरते. शेवटच्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला की कर्ज फिटतं. तेव्हा आपण वहीत असं लिहितो का, की अमुक तारखेला एकाच दिवसात कर्ज फिटलं? नाही. वहीत चोवीसच्या चोवीस सह्या असतात. गोव्याचे ते ३६ तास हा शेवटचा हप्ता होता. आधीच्या हप्त्यांवर सुधाताईंची सही आहे, सहोद्राबाईंची आहे, हिरवे गुरुजींची आहे, जंगलातल्या त्या माईकची आहे. बॉम्ब पडत असताना गोव्यातला सामान्य माणूस आपल्या सैन्याच्या विरोधात उभा राहिला नाही, उलट त्याने दार उघडलं. ते दार सहा वर्षं रोज थोडं थोडं उघडलं जात होतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हंटर विमानांनी बांबोळीचं केंद्र का फोडलं? कारण सेनापतींना कळत होतं की आवाजाची ताकद तोफेएवढी असते. ज्या यंत्राला शत्रू घाबरतो, ते चालवणारी बाई मग ‘मदतनीस’ कशी? ती लढणारीच. आपल्यापैकी कितीतरी जणी अजून म्हणतात, मला बोलता येत नाही, अध्यक्ष बोलेल, सरपंच बोलेल, नवरा बोलेल. लिबिया कुणी जन्मजात पुढारी नव्हती. तिच्याजवळ दोन भाषा होत्या आणि रोज न चुकता माईकसमोर बसायची तयारी होती.

स्वातंत्र्यानंतर वामन आणि लिबिया यांनी लग्न केलं. ती गोव्याची पहिली पर्यटन संचालक झाली. आपण आज जो गोवा फिरायला जातो, त्या पर्यटनाच्या सुरुवातीलाही तीच बाई होती. वामन सरदेसाई यांना १९९२ ला पद्मश्री मिळाली. लिबियाताईंना मिळाली २०२५ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी. उशीर झाला, पण नोंद झाली.

१९ डिसेंबर हा गोवा मुक्ती दिन. यंदा त्या दिवशी घरातल्या मुलांना विक्रांत आणि कॅनबेराची गोष्ट जरूर सांगा, मुलांना ती आवडेल. आपल्या नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, वायुसेनानगरची विमानं मुलांच्या ओळखीची आहेत. पण गोष्ट सांगताना भोंगा लावलेल्या त्या एका विमानापाशी जरा थांबा. त्यात कोण बसलं होतं ते नावासकट सांगा. आणि तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात कुणी आजी असेल, जिने दारूबंदीसाठी, पाण्यासाठी, शाळेसाठी आवाज उठवला, तिचं नाव तारखेसकट गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. म्हणजे शंभर वर्षं थांबावं लागणार नाही.